वीट, काँक्रीट, शिसं : एक्स-रे खोलीच्या भिंती कशा ठरवायच्या

एक्स-रे खोलीचं काम पहिल्यांदा हाती आलं की बहुतेक जण आधी विचारतात, "शिशाचा पत्रा किती जाड लावायचा?" खरं तर हा प्रश्न बराच नंतरचा आहे. त्याआधी किरण कुठून कुठे जातात, भिंतीपलीकडे कोण बसतं आणि उभी असलेली भिंत मुळात किती वजनदार आहे, हे कळायला हवं. ते कळलं की पुष्कळदा शिसं लागतच नाही. भरीव विटेची नऊ इंची भिंत नीट बांधलेली असेल, तर नेहमीच्या एक्स-रे खोलीला ती सहसा पुरून उरते. याच्या उलटही घडतं. दिसायला जाडजूड भिंत असते आणि किरण तिच्यातून आरामात पलीकडे जातात.

हे लिहितो आहे ते आर्किटेक्ट, साइट इंजिनिअर, नवे टेक्निशियन आणि रेडिएशन सेफ्टीच्या कामात नुकत्याच आलेल्यांसाठी. शेवटचा हिशेब पात्र मेडिकल फिजिसिस्टनेच करायचा आणि आपल्या देशाच्या नियामक संस्थेची मंजुरी घ्यायची, यात तडजोड नाही. पण तो हिशेब समजणारं कुणीतरी साइटवर हवं. कागदावर बरोबर असलेली खोली बिघडते ती साइटवरच.

पायरी १ : किरणांचे तीन प्रकार ओळखा

पहिला, मुख्य झोत. ट्यूबमधून निघून रुग्णावर पडणारा. हा सगळ्यात तीव्र असतो, पण सगळीकडे जात नाही. साध्या रेडिओग्राफी खोलीत तो बहुतेक वेळा खाली जमिनीकडे किंवा छातीच्या एक्स-रेसाठी उभ्या केलेल्या चेस्ट स्टँडकडे रोखलेला असतो. म्हणून चेस्ट स्टँडमागची भिंत ही त्या खोलीतली सगळ्यात महत्त्वाची भिंत. तिच्यापलीकडे कुणाचं टेबल येणार नाही असं नकाशातच बघितलं, तर अर्धी काळजी तिथेच मिटते.

दुसरा, विखुरलेले किरण. झोत रुग्णाच्या शरीरावर आदळला की किरण चहूकडे फेकले जातात. नेहमीच्या आकाराच्या झोतासाठी, रुग्णापासून एक मीटरवर त्यांची तीव्रता मूळ झोताच्या साधारण हजाराव्या भागाएवढी असते. आकडा लहान वाटतो, पण ते चारही भिंतींवर, दारावर आणि छतावर दिवसभर पडत असतात. बहुतेक भिंती ठरतात त्या यांच्या हिशेबानेच.

तिसरा, गळती. ट्यूबच्या शिसं लावलेल्या कवचातूनही थोडे किरण झिरपतात. यंत्रासाठी मर्यादा आहे : एक मीटरवर तासाभरात १ मिलिग्रेपेक्षा (मिलिग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) जास्त नाही. निदानासाठीच्या साध्या यंत्रांत हा भाग सहसा किरकोळ असतो.

पायरी २ : भिंतीपलीकडची माणसं नकाशावर मांडा

प्रत्येक भिंतीच्या पलीकडे, वर आणि खाली काय आहे ते नकाशावर लिहून काढा. वरचा आणि खालचा मजला नवशिक्यांकडून हमखास राहतो.

सामान्य माणसासाठी आंतरराष्ट्रीय शिफारस वर्षाला १ मिलिसिव्हर्टची आहे (माणसाला लागलेल्या मात्रेचं एकक; एक्स-रेच्या या हिशेबात ते मिलिग्रेएवढंच धरायचं). किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०. पण भिंतीचं डिझाइन करताना याएवढेच किंवा याहून कडक आकडे धरतात. अमेरिकेच्या एनसीआरपी या संस्थेचा २००४ साली आलेला १४७ क्रमांकाचा अहवाल सामान्य जागेसाठी आठवड्याला ०.०२ मिलिग्रे आणि नियंत्रित जागेसाठी, म्हणजे कन्सोल (यंत्र चालवण्याची जागा) वगैरे, आठवड्याला ०.१ मिलिग्रे धरतो. पन्नास आठवड्यांचा गुणाकार करून बघा : एक आणि पाच. ब्रिटनमध्ये तर डिझाइनसाठी वर्षाला ०.३ मिलिसिव्हर्ट धरायची पद्धत आहे. तुमच्या देशात कुठला आकडा चालतो ते आधी विचारून घ्या.

पुढचा भाग वावराचा. पलीकडे माणूस किती वेळ असतो, त्याचा एक गुणांक धरतात. ऑफिस, रिसेप्शन, कन्सोल यांना पूर्ण १. शेजारच्या तपासणी खोलीला १/२. कॉरिडॉरला १/५. सार्वजनिक स्वच्छतागृह, सामानाची खोली यांना १/२०. जिना, बाहेरची मोकळी जागा यांना १/४०.

इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हा गुणांक आजच्या वापराचा असतो आणि इमारत पुढे कित्येक वर्षं उभी राहते. आज सामानाची खोली आहे म्हणून १/२० धरला, पाच वर्षांनी तिथे कुणीतरी संगणक मांडून बसलं, तर त्या माणसाला कळणारही नाही की आपल्या पाठीमागची भिंत सामानाच्या खोलीच्या हिशेबाने बांधली आहे. जिथे पुढे टेबल-खुर्ची येण्याची जराही शक्यता आहे, तिथे मी १ धरतो. भिंत बांधतानाच काही सेंटिमीटर वाढवणं सोपं असतं, नंतर तेच काम फार जड जातं.

पायरी ३ : अंतर मोजा

अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई होते. हा सगळ्यात स्वस्त अडसर. अंतर भिंतीपर्यंत मोजू नका. पलीकडच्या माणसाचं शरीर भिंतीपासून ०.३ मीटरवर आहे असं धरून तिथपर्यंत मोजा. वरच्या मजल्यासाठी तिथल्या जमिनीपासून ०.५ मीटर उंचीचा बिंदू धरतात, खालच्या मजल्यासाठी तिथल्या जमिनीपासून १.७ मीटर. टेबल खोलीत कुठे बसवणार हे ठरल्याशिवाय यातलं काहीच मोजता येत नाही, म्हणून यंत्राचा लेआउट आधी मागून घ्या.

पायरी ४ : भिंत जाडीने नको, वजनाने ओळखा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. किरणांना अडवतो तो भिंतीतला माल. किरणाच्या वाटेत किती ग्रॅम पदार्थ येतो, त्यावर सगळं ठरतं. पोकळ भिंतीतली हवा जाडी वाढवते, अडवत काहीच नाही.

साध्या काँक्रीटची घनता दर घनसेंटिमीटरला साधारण २.३५ ग्रॅम धरतात. भरीव भाजलेली वीट १.६ ते १.९. जिप्सम बोर्ड ०.७ ते ०.८. ऑटोक्लेव्ह केलेला हलका ब्लॉक, ज्याला सगळे एएसी ब्लॉक म्हणतात, तो ०.६ च्या आसपास. शिसं ११.३५.

आता साइटवर प्रत्यक्ष करून बघा. ढिगातून चार-पाच विटा उचला, टेप लावा, तराजूवर ठेवा. समजा वीट २३ × ११ × ७.५ सेंटिमीटर आहे, म्हणजे साधारण १,९०० घनसेंटिमीटर. वजन ३ किलोच्या थोडं वर भरलं, तर घनता १.६. विटेवर कंपनीच्या नावाचा खळगा असेल तर तेवढं आकारमान वजा करा. आता एएसी ब्लॉक घ्या : ६० × २० × २० सेंटिमीटर, २४,००० घनसेंटिमीटर. वजन १४.४ किलो भरलं तर घनता ०.६. हा ब्लॉक पाणी पितो, पावसात भिजलेला असेल तर फसवं वजन दाखवेल. वाळवूनच तोला.

वीट, ब्लॉक, सिमेंटचा गिलावा यांची रासायनिक जात काँक्रीटच्या जवळची असल्यामुळे सरळ घनतेच्या प्रमाणात त्यांचं काँक्रीटमध्ये रूपांतर करता येतं. २३० मिलिमीटर भरीव वीट गुणिले १.६, भागिले २.३५ : सुमारे १५७ मिलिमीटर काँक्रीट. २०० मिलिमीटरचा एएसी ब्लॉक त्याच रीतीने भरतो अवघा ५१ मिलिमीटर काँक्रीटएवढा. दोन्ही भिंती गिलावा केल्यावर सारख्याच दिसतात. एक किरण अडवते, दुसरी जेमतेम.

शिशाला आणि बेरियमला मात्र हा नियम लावू नका. कमी ऊर्जेच्या किरणांना जड अणू त्यांच्या वजनाच्या मानानेही कितीतरी जास्त अडवतात, कारण प्रकाशविद्युत परिणाम, म्हणजे अणूने किरण पूर्ण शोषून घेणं, अणुक्रमांकाबरोबर फार वेगाने वाढतो. एक्स-रे शोधणाऱ्या रोंटगेनच्या हे अगदी सुरुवातीलाच लक्षात आलं होतं. १८९५ च्या डिसेंबरमधल्या पहिल्याच निबंधात त्याने लिहिलं, की १.५ मिलिमीटर जाडीचं शिसं जवळजवळ अपारदर्शक आहे.

पायरी ५ : हिशेब करून बघा

किरणांची तीव्रता दहाव्या भागावर आणणाऱ्या जाडीला आपण दशांश-जाडी म्हणू. केव्हीपी म्हणजे ट्यूबला दिलेला कमाल व्होल्टेज, किलोव्होल्टमध्ये. जाड अडसरासाठी नेहमी वापरले जाणारे आकडे असे : १०० केव्हीपीला शिसं ०.८८ मिलिमीटर, काँक्रीट ५३ मिलिमीटर. १२५ ला ०.९३ आणि ६६. १५० ला ०.९९ आणि ७४. म्हणजे १०० केव्हीपीला एक मिलिमीटर शिशाला साठ मिलिमीटर काँक्रीट लागतं, १५० ला पंचाहत्तर. म्हणून 'ही भिंत २ मिलिमीटर शिशाएवढी आहे' हे वाक्य अपुरं आहे. किती केव्हीपीला, हे सोबत लिहिलेलं नसेल तर तो कागद परत पाठवा.

आता एक उदाहरण. समजा एका रुग्णामागे एक मीटरवर विखुरलेले किरण ०.०५ मिलिग्रे, आणि आठवड्याला १२० रुग्ण. एकूण ६ मिलिग्रे. शेजारी ऑफिस आहे, तिथल्या खुर्चीपर्यंतचं अंतर २.५ मीटर. सहाला अडीचच्या वर्गाने, म्हणजे ६.२५ ने, भागलं की ०.९६ मिलिग्रे. ही झाली भिंतच नसतानाची मात्रा. वावर १. गाठायचं आहे ०.०२. म्हणजे भिंतीने तीव्रता ४८ पटींनी कमी करायला हवी. १०० केव्हीपी धरलं तर त्याला लागतात १.६८ दशांश-जाड्या : काँक्रीटचे ८९ मिलिमीटर, किंवा शिशाचा दीड मिलिमीटर.

आता मघाच्या दोन भिंती लावून बघा. विटेची भिंत १५७ मिलिमीटर काँक्रीटएवढी. जवळजवळ तीन दशांश-जाड्या, नऊशे पट घट. पलीकडे उरतात आठवड्याला सुमारे ०.००१ मिलिग्रे. एएसीची भिंत ५१ मिलिमीटरएवढी. एक दशांश-जाडीसुद्धा पूर्ण भरत नाही. पलीकडे सुमारे ०.१ मिलिग्रे, मर्यादेच्या पाचपट. दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटरचा सिमेंट गिलावा धरला तरी ०.०४ च्या वरच, म्हणजे दुप्पट.

हे आकडे उदाहरणासाठी सोपे केले आहेत. खऱ्या खोलीत वेगवेगळ्या केव्हीपीचे एक्सपोजर होतात आणि अडसरातून जाताना मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण आधी गळून पडतात, कडक तेवढे उरतात. त्यामुळे फिजिसिस्ट १९८३ पासून वापरात असलेलं आर्चरचं सूत्र घेतात, ज्यात हा बदल धरलेला असतो. पण साइटवर उभं राहून 'ही भिंत चालेल की नाही' याचा अंदाज घ्यायला दशांश-जाडी पुरते, आणि ती सहसा सुरक्षित बाजूला चुकते.

पायरी ६ : कमी पडलं तर काय लावायचं

जागा असेल तर माझी पहिली पसंती भरीव विटेच्या दुसऱ्या थराला किंवा काँक्रीटला. ते सरकत नाही, विषारी नाही आणि गवंड्याच्या हातचं काम आहे. फक्त सांधे पूर्ण भरून घ्या. विटांमधली उभी दरज नुसती बाहेरून लिंपून आत पोकळ ठेवायची सवय असते, ती या भिंतीला चालणार नाही. दर तीन-चार थरांनी स्वतः वाकून बघा.

जागा नसेल तर शिशाचा पत्रा. शिसं मऊ असतं, स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली ओघळतं. म्हणून ते प्लायवुडला किंवा जिप्सम बोर्डला सबंध पृष्ठभागावर चिकटवलेलं घ्या. नुसता पत्रा वरून टांगू नका. दोन पत्र्यांचा सांधा किमान १ सेंटिमीटर एकमेकांवर चढलेला हवा. ताज्या सिमेंटशी थेट संपर्क आला तर सिमेंट शिशाला खातं, मध्ये बिटुमेनचा लेप द्या. पत्रा कापणाऱ्या कामगारांना मास्क आणि हातमोजे द्या, जेवणाआधी साबणाने हात धुवायला लावा, भुगा ओल्या कपड्याने उचला. शिशाची धूळ पोटात गेली की शरीरात साठते, आणि ती कपड्यांवरून घरच्या लहान मुलांपर्यंत पोचते. याकडे दुर्लक्ष होताना बघून मला फार वाईट वाटतं. पत्र्यावर शेवटी लॅमिनेट किंवा रंगाचं आवरण हवंच.

बॅराइटचा गिलावा हा मधला मार्ग. बॅराइट म्हणजे बेरियम सल्फेटचं खनिज. याची एक गंमतशीर बाजू आहे : ३७ ते ८८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे किरणाच्या ऊर्जेचं एकक) पट्ट्यात बेरियम वजनाला वजन शिशापेक्षा जास्त शोषतं, आणि निदानाच्या एक्स-रेचा मोठा भाग नेमका याच पट्ट्यात असतो. पण गिलावा हाताने मारला जातो. एका जागी २० मिलिमीटर, दुसऱ्या जागी १२, वाळताना भेगा. पातळ थर देत, प्रत्येक थर वाळवत, खिळे ठोकून जाडीच्या खुणा करूनच तो मारा.

मॅमोग्राफीला, जिथे २५ ते ३५ केव्हीपीचं काम असतं, जिप्सम बोर्डाच्या साध्या भिंतीही सहसा पुरतात. साध्या लाकडी दाराचा तेवढा हिशेब करून घ्या. सीटीला मात्र १२० ते १४० केव्हीपी आणि भरपूर विखुरलेले किरण असतात. तिथे भिंती पूर्ण उंचीच्या, आणि छत-जमीन दोन्हींचा हिशेब लागतो. साध्या रेडिओग्राफी खोलीत अडसर जमिनीपासून २.१ मीटरपर्यंत नेतात.

स्लॅबबद्दल एवढंच : नकाशावरची सरासरी जाडी धरू नका. पन्हळी पत्र्यावर ओतलेल्या स्लॅबची जाडी जागोजागी बदलते, तिथे सगळ्यात पातळ जागा धरा.

पायरी ७ : भोकं शोधा

भिंत मधोमध क्वचितच कमी पडते. ती कमी पडते कडेला, सांध्यात, दाराच्या चौकटीत आणि इलेक्ट्रिशियनच्या छिन्नीखाली.

एका खोलीची तपासणी करताना मला हे अगदी जवळून बघायला मिळालं. भिंत उत्तम होती, भरीव विटेची, नऊ इंची. पलीकडे कारकुनाची खुर्ची. मीटर भिंतीवरून सरकवत नेला तर जवळजवळ काहीच दिसेना. कमरेच्या उंचीला आल्यावर आकडा एकदम चढला. तिथे स्विचबोर्ड होता. आतल्या बाजूलाही, बरोबर त्याच जागी, दुसरा स्विचबोर्ड. दोन्ही डबे पाच-पाच सेंटिमीटर खोल, पाठीला पाठ लावून. भिंत तेवढ्या जागी तेरा सेंटिमीटरच उरली होती. मघाच्या उदाहरणात हे घालून बघा : तेरा सेंटिमीटर वीट म्हणजे ८८ मिलिमीटर काँक्रीट, आणि पलीकडची मात्रा ०.००१ वरून ०.०२ वर, थेट मर्यादेला जाऊन टेकते. भिंतीने कमावलेलं सगळं दोन प्लास्टिकच्या डब्यांनी घालवलं होतं. उपाय सोपा निघाला : एका डब्यामागे, डब्याच्या कडांच्या बरंच बाहेरपर्यंत जाणारा शिशाचा तुकडा. त्याहून सोपं म्हणजे वायरिंगच्या नकाशावर आधीच लिहून ठेवणं, की या भिंतीत समोरासमोर डबे नकोत.

दाराचं असंच. दारात शिसं असतं, भिंतीला अडसर असतो आणि मधली लाकडी चौकट तशीच राहून जाते. शिसं दारातून चौकटीवर आणि चौकटीतून भिंतीवर, सलग आणि एकमेकांवर चढत गेलं पाहिजे. सरकतं दार असेल तर ते भिंतीवर किती चढतं ते मोजा. फट जेवढी, त्याच्या दहापट तरी चढ असावी असा माझा रिवाज आहे. कुलपाची जागा आणि दाराखालची फट विसरू नका. निरीक्षण खिडकीला शिशाची काच आणि तिच्या चौकटीला तोच नियम.

एसीचे पाइप आणि डक्ट शक्यतो २.१ मीटरच्या वरून न्या. खालून न्यावेच लागले तर तिरपे न्या, म्हणजे सरळ वाट मिळणार नाही. कन्सोलमागे उभ्या टेक्निशियनपर्यंत पोचण्याआधी किरण किमान दोनदा विखुरलेला असावा, अशी आडभिंतीची जागा ठरवा आणि एक्सपोजरचं बटण अशा ठिकाणी बसवा की ते हातात घेऊन बाहेर डोकावता येणार नाही.

पायरी ८ : मोजून खात्री करा

रंगकाम होण्याआधी एक फेरी आणि यंत्र बसल्यावर दुसरी. पहिल्या फेरीत डोळे आणि टेप पुरतात, आणि फोटो काढा. शिसं झाकलं गेल्यावर ते कुठे संपतं हे सांगणारा तो फोटोच असतो. जुनी इमारत असेल आणि भिंतीत काय आहे हे कुणालाच माहीत नसेल, तर एक गाभा कापून काढा, लांबी मोजा, तोला. किंवा फिजिसिस्ट अमेरिशियम-२४१ किंवा टेक्नेशियम-९९एम यांसारखा किरणोत्सारी स्रोत एका बाजूला धरून दुसऱ्या बाजूने मोजतील.

दुसऱ्या फेरीत रुग्णाच्या जागी पाण्याचा फँटम, म्हणजे शरीरासारखे किरण विखुरणारा पाण्याचा डबा, ठेवा, झोत मोठा ठेवा, वापरातलं सगळ्यात जास्त केव्हीपी लावा. इथे नवशिके एका गोष्टीत हटकून फसतात. एक्सपोजर सेकंदाच्या छोट्याशा भागात संपतं आणि सर्व्हे मीटरला आकडा दाखवायला त्याहून जास्त वेळ लागतो. मीटर खरी तीव्रता गाठायच्या आत किरण बंद होतात, आणि गळकी भिंतही चांगली दिसते. म्हणून मीटर दर दाखवण्यावर न ठेवता एकूण मात्रा जमा करण्यावर ठेवा, किंवा फिजिसिस्टला विचारून लांब वेळेचं एक्सपोजर घ्या. दाराच्या चारही कडा, खिडकीची चौकट, प्रत्येक स्विचबोर्ड, वरचा मजला, खालचा मजला असं फिरा, आणि प्रत्येक जागेचा आकडा नकाशावर त्याच जागी लिहा.

मग दाराच्या आणि प्रत्येक भिंतीच्या बाजूला एक छोटी पट्टी लावा : अमुक मिलिमीटर शिशाएवढी, अमुक केव्हीपीला, खिळा ठोकण्याआधी किंवा भोक पाडण्याआधी अमुक विभागाला विचारा. चार वर्षांनी पंखा, टीव्ही किंवा नवा पाइप बसवायला ड्रिल घेऊन येणारा माणूस तुमचा नकाशा उघडून बघणार नाही, पण पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर असेल.